परड्यामागे कॅमेरा लावला, गवताचे फोटो आले आणि एक वाघाचा: आता पुढे काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात गावचं घर, मागे काजूची बाग, त्याच्या वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. आई घरी एकटी, तुम्ही मुंबईला. दिवाळीत गेलात तेव्हा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावून आलात, तीन आठवड्यांनी कार्ड काढलं तर एकोणीसशे फोटो, त्यातले अठराशेच्या वर नुसतं गवत, थोडी गुरं, दोन मुंगसं, आणि एकात पहाटे साडेतीनला बिबट्या, तोसुद्धा अर्धा, मागचे पाय नि शेपूट. विचारताय की कॅमेरा खराब आहे का, महागाचा घेऊ का, कुठे लावू, आणि आईचं काय, पिंजरा लावायला सांगू का.

आईचं आधी बोलतो.

तो बिबट्या तुम्ही कॅमेरा लावलात म्हणून आलेला नाही. तो आधीपासून तिथून जात असणार, तुम्हाला आत्ता कळलं एवढंच. आमच्या सावंतवाडीकडे कोणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात, आणि जुन्या माणसांना वाघ कुठून उतरतो आणि कुठे चढतो हे पाठ असतं. पहाटे साडेतीनला घरामागून निघून गेलेला वाघ म्हणजे आपल्या कामाने चाललेलं जनावर. गावाजवळ त्याचं पोट बरंचसं कुत्र्यांवर चालतं, शिवाय डुकराची पिल्लं, भेकर, वानर, कधी एखादं वासरू. त्याला आईशी काही घेणंदेणं नाही, पण आईने आणि तुम्ही काही गोष्टी मात्र लगेच करायच्या. कुत्रा असेल तर रात्री बाहेर बांधून ठेवायचा नाही, आत घ्यायचा. गोठ्याला दार आणि वरपर्यंत जाळी. घराच्या मागच्या बाजूचं रान पंधरा-वीस पावलं साफ करून घ्या, लपायला जागा नको. मागच्या दाराला बल्ब. आई रात्री बाहेर पडली तर बॅटरी घेऊन, जरा बोलत, काठी आपटत. आणि मासळी धुतलेलं पाणी, कोंबडीची आतडी परड्यात टाकायची नाहीत, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे वाघ येतो, हे इतकं सरळ आहे पण लोक करत नाहीत.

पिंजऱ्याचा हट्ट धरू नका. जुन्नर भागात २००१ च्या पुढे बरेच बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं ते असं की जिथे नेऊन सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. विचार केला तर पटतं. जे जनावर माणसं टाळून कसं राहायचं हे शिकलेलं आहे त्याला उचलून अनोळखी जागेत टाकलं तर ते गोंधळणार, आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येणारच. वाघ दिवसाढवळ्या घराजवळ बसून राहिला, जखमी वाटला, विहिरीत पडला, फासकीत म्हणजे वायरच्या फासात अडकला, तर मात्र वेळ न घालवता वनविभागाला फोन, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे, आईच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि तो फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला असाल तर काढा. अशा फोटोवर दोन दिवसांत माणसं काठ्या घेऊन बागेत फिरायला लागतात आणि मग खरंच कोणाला तरी लागतं.

आता कॅमेरा. कॅमेरा खराब नाहीये, नवीन घेऊ नका. तुम्ही जागेचा जो फोटो पाठवलाय त्यावरून सांगतो, छातीएवढ्या उंचीवर काजूच्या खोडाला बांधलाय, तोंड पश्चिमेला सड्याकडे, समोर दोन हात उंच गवत. यातली एकेक गोष्ट तुम्हाला ते अठराशे फोटो देतेय.

आत जो सेन्सर असतो त्याला पीआयआर म्हणतात. तो जनावर ओळखत नाही, नुसती हालचालसुद्धा बघत नाही. त्याच्यासमोर पंख्यासारखे पट्टे असतात असं समजा, मागच्या जमिनीपेक्षा गरम किंवा थंड असं काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकलं की तो फोटो काढायला सांगतो. आता सड्यावरचा जांभा दुपारी तव्यासारखा तापतो, त्याच्यापुढे गवत वाऱ्याने हललं की गरम-थंड-गरम-थंड, कॅमेऱ्याला वाटतं जनावर. उलट त्याच वेळेला समोरून खरंच भेकर गेलं तर त्याच्या अंगाची ऊब आणि मागच्या दगडाची ऊब सारखीच, म्हणून ते निसटतं. मार्च-एप्रिलमध्ये हे फार जाणवतं. जानेवारीत रात्री गार पडलं की तोच कॅमेरा पंधरा-वीस पावलांवरचा ससासुद्धा पकडतो. म्हणून तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवायचं, उगवतीला-मावळतीला नाही, आणि समोर तीन-चार मीटरपर्यंतचं गवत, लोंबणाऱ्या फांद्या, रानमोडी असेल तर ती पण, हाताने काढून टाकायची. कोयत्याने जमीन तासू नका, फक्त लेन्ससमोरचं काढा.

उंची गुडघ्याएवढी. छातीएवढ्या उंचीवरून उदमांजर, साळिंदर, जवादी हे सगळे खालून निघून जातात. बिबट्या अर्धा का आला तेही सांगतो, तो तुमच्या खोडाच्या फार जवळून आडवा गेला, सेन्सरला कळून फोटो निघेपर्यंत जो अर्धा-एक सेकंद जातो तेवढ्यात तो पुढे सरकला. वाटेपासून तीन ते पाच मीटर लांब, आणि वाटेला अगदी काटकोनात नाही, थोडा तिरका, म्हणजे जनावर फ्रेममध्ये जास्त वेळ राहतं. अगदी समोरासमोर वाटेच्या रोखाने पण लावू नका, सरळ अंगावर चालत येणारं जनावर पट्टे ओलांडत नाही म्हणून सेन्सरला उशिरा कळतं. बांधून झालं की स्वतः हातापायांवर रांगत समोरून जा, दिवा कुठे पेटतो बघा. हे करताना कोणी बघितलं तर बघू दे, मी आजही प्रत्येक जागी रांगतो. उतारावर कॅमेरा आभाळ बघत असेल तर पट्टा घट्ट करायच्या आधी वरच्या बाजूला मागे एक काटकी खोचायची, तोंड खाली येतं.

पण हे सगळं नंतरचं. मुख्य मुद्दा असा की तुम्ही कॅमेऱ्याला सोयीची जागा बघितलीत, जनावराची वाट बघितली नाहीत. बांधायला खोड बरं, समोर मोकळं, म्हणून तिथे बांधलात. बहुतेक सगळेच असं करतात.

१९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याला चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी होता, तो पट्टेरी वाघाच्या वाटेवर तार ताणून फ्लॅशने फोटो काढायचा, वाघाचा पाय तारेला लागला की भडका आणि फोटो. म्हणजे एका रात्रीत एकच फोटो, चुकला तर रात्र फुकट. त्यामुळे वाघ पाऊल नेमकं कुठे टाकणार हे त्याला दिवसा जमिनीवरून वाचावं लागायचं. आपल्याकडे कार्डावर हजारो फोटो मावतात म्हणून आपण ते वाचणं सोडून दिलं.

कोकणात वाट वाचायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे पडलेला गडगा, दगड रचून केलेलं कुंपण. तुमच्या बागेला जांभ्याचा गडगा असणारच. तो सगळा चालत बघा, एखाद्या ठिकाणी दोन-तीन दगड घसरून खिंड झालेली असते. डुक्कर, साळिंदर, कोल्हा, भेकर, वाघ, सगळे उडी मारण्यापेक्षा त्या खिंडीतून जातात, आणि तुमचा कॅमेरा तिथून चार मीटरवर, बागेच्या आतल्या बाजूने, खिंडीकडे तिरका बघत असायला हवा.

अशी खिंड मी पहिल्यांदा नीट बघितली ती स्वतःच्या हुशारीने नाही. मी आमच्या बागेत कॅमेरा बांधत होतो, शेजारचे काका पातेरा, म्हणजे वाळका पाला, भरून डोक्यावर घेऊन चालले होते, थांबले, बघितलं आणि म्हणाले, "ता हयसून नाय जायत रे, थंय गडगो पडलोहा मां, थंयसून जाता." काय जातं ते त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. तिथे जाऊन मी उकिडवा बसलो. खिंडीच्या दोन्ही बाजूच्या दगडांवर पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं झालेलं होतं पण आतल्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक पट्टा गुळगुळीत, शेवाळ घासून गेलेलं आणि जांभ्याचा लाल रंग उघडा पडलेला. त्याच्या वर, मांडीएवढ्या उंचीवर, दुसरा पट्टा, त्यात वाळलेला चिखल आणि चिखलात दोन राठ काळे केस, टोकाला फाटलेले, म्हणजे डुक्कर. खाली दगडाच्या फटीत साळिंदराचा एक तुटका काटा, काळा-पांढरा, बोटाएवढा. आणि खिंडीच्या अलीकडे सपाट दगडावर विष्ठा, पूर्ण भेरली माडाच्या बियांनी भरलेली, ती उदमांजराची, आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. एका पायरीएवढ्या जागेत चार दिवसांची सगळी ये-जा लिहिलेली होती, आणि मी तिथून पन्नास पावलांवर महिनाभर गवताचे फोटो काढत होतो. तिथे कॅमेरा लावल्यावर पहिल्या नऊ रात्रींत साळिंदर, डुकरं, कांडेचोर, रानमांजर, आणि एकदा वाघ.

खिंडीशिवाय दुसरी जागा म्हणजे पाणी. मार्चनंतर पऱ्या, म्हणजे ओढा, आटतो आणि एखाद-दुसऱ्या कोंडीत पाणी राहतं, मे महिन्यात अख्खं रान त्या एका कोंडीवर येतं. फेब्रुवारी ते एप्रिल बोंडू पडतात त्या काजूखाली रात्री गर्दी असते, मे-जूनमध्ये पिकून फुटलेल्या फणसाखाली. पाऊस सुरू झाला की कुर्ल्या बाहेर येतात, मग मुंगूस, रानमांजर, कोल्हे पाणंदीत आणि शेताच्या बांधावर. म्हणजे जागा ऋतूप्रमाणे बदलायची. एकाच झाडाला वर्षभर कॅमेरा बांधून "आमच्याकडे काही नाही" म्हणायचं नाही.

खाडीजवळ लावायचा झाला तर प्रकार वेगळा. पाणमांजर पाण्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावरची वरची लव थंडगार ओली असते, आतली ऊब बाहेर येत नाही, त्यामुळे सेन्सर त्याला बऱ्याचदा ओळखतच नाही. म्हणून पाण्याच्या कडेला न लावता जिथे ते लोळून अंग सुकवतं आणि विष्ठा टाकतं तिथे लावायचा, माशांच्या खवल्यांनी आणि कुर्लीच्या कवचांनी भरलेली विष्ठा असते, वासावरून सापडते. भरतीची रेषा आधी बघा, तीही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची. तिथीच्या पाऊणपट हा हिशोब तुमच्या गावात कुठल्याही मच्छीमाराला विचारा, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. कांदळवनात कॅमेरा ठेवून मी एकदा पंचमीला समाधानाने घरी आलो आणि पौर्णिमेला तो पाण्याखाली गेला. खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, दर फेरीला कोरड्या फडक्याने पुसायच्या, रबराच्या कडेला अगदी थोडं सिलिकॉन ग्रीस.

सेलबद्दल लोक फार कंजूषी करतात. कॅमेऱ्याला बहुतेक आठ पेन्सिल सेल लागतात. साधे अल्कलाइन दीड व्होल्टचे, रिचार्जेबल सव्वा-एक व्होल्टचे, म्हणजे आठांचा फरक दोन-अडीच व्होल्टचा होतो आणि काही कॅमेरे रिचार्जेबल भरलेले असूनही "बॅटरी लो" दाखवतात किंवा रात्रीचा फ्लॅश मंद मारतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत रिचार्जेबल चालतात का ते बघा. जुने-नवे सेल कधी मिसळू नका. कार्ड ३२ जीबीचं पुरे, ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, आणि कार्डाच्या कडेला जी लॉकची खुंटी असते ती आत सरकवताना सरकलेली नाही ना बघायचं, ती सरकली तर पंधरा दिवस एकही फोटो नाही. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा, स्वस्त कॅमेऱ्यात ती परत एक जानेवारीवर जाते आणि मग तुमचा साडेतीनचा वाघ केव्हाचा ते कोणालाच कळत नाही. खोक्यावर लिहिलेल्या मेगापिक्सलला महत्त्व देऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो आकडा फुगवलेला असतो, आत सेन्सर लहानच असतो. पुढेमागे दुसरा घेतलात तर दोनच गोष्टी बघा, ट्रिगर किती लवकर होतो आणि फ्लॅश कुठला आहे. ८५० नॅनोमीटरचा असेल तर लांबपर्यंत पोचतो पण अंधारात लालसर ठिपका दिसतो, ९४० चा दिसत नाही पण पल्ला कमी. घराजवळ, माणसांची ये-जा असते तिथे मला ९४० बरा वाटतो, चोरीलासुद्धा कमी जातो.

आमच्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू ओल आणि मुंग्या. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, दर फेरीला बदला. लाल ओंबील खोक्याच्या मागे घर करतात, कोळी बरोब्बर लेन्ससमोर जाळं विणतो आणि रात्री फ्लॅशमध्ये ते पांढरंफेक दिसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बाहेरचे सगळे कॅमेरे काढून घेतो, सप्टेंबरअखेर परत लावतो, आपल्या पावसात आठवडाभर राहिला तरी लेन्सच्या आत वाफ धरते. ज्यांना पावसाळ्यातच बघायचंय त्यांनी मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या, पागोळीखाली किंवा जांभ्याच्या कपारीत लावावा. आणि वणवा! सड्यावर फेब्रुवारीपासून आग लागते, लावली जाते म्हणा. माझा एक कॅमेरा असाच गेला, खोडाला वितळलेलं प्लास्टिक तेवढं चिकटलेलं होतं. तेव्हापासून सड्याच्या कडेला लावताना खाली चार हात गोल जमिनीवरचा पातेरा झाडून काढतो. सड्यावर झाड नसेल तर दगडांची छोटी रास रचून तिच्यात बसवायचा, तिवई वगैरे नेऊ नका, वाऱ्याने पडते नाहीतर गुरं पाडतात.

एकदा लावला की निदान पंधरा दिवस तिकडे फिरकू नका. दर दोन दिवसांनी कार्ड बघायला जाणारा माणूस त्या वाटेवर आपला वास सोडून येतो. जायचं ते दुपारी, जनावराच्या वाटेवरून न चालता बाजूने, आणि जाताना हाताला डासांचं क्रीम, अत्तर काही लावायचं नाही. आमिष तर अजिबात नको. कोंबडीची आतडी टाकली की वाघ येतो असं तुम्हाला कोणीतरी सांगेल, येतोही, पण तुम्ही त्याला आईच्या मागच्या दारापर्यंत यायची सवय लावताय.

रिकाम्या फोटोंनी निराश होऊ नका. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, एकूण ३,४८,५८,६२३ फोटो आले, त्यात पट्टेरी वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. तज्ज्ञ माणसांनी, निवडलेल्या जागांवर लावून हे प्रमाण आहे. तुमचा एकोणीसशेमध्ये एक अर्धा बिबट्या वाईट नाही.

फोटो आले की एक वही करा. चाळीस फोटो डुकरांच्या एकाच कळपाचे असतील तर ती नोंद एकच, साधारण अर्ध्या तासाचं अंतर पडलं तरच त्याच जातीची दुसरी नोंद धरायची, अभ्यासकही बरेचदा असंच करतात. तारीख, वेळ, तिथी, कुठलं फळ पडतंय, पाणी कुठे आहे. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, आणि डावी-उजवी बाजूही वेगळी असते, त्यामुळे एकच वाघ फिरतोय की दोन हे कळायला वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो. तो तुमचा अर्धा फोटो टाकून देऊ नका, मागच्या मांडीवरचे ठिपके दिसतायत, पुढच्या फोटोशी जुळवता येतील.

आता माणसांचं. स्वतःच्या बागेत लावताय तर प्रश्न नाही, आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात रानाचा मोठा भाग खाजगीच आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत त्याला विचारून, देवराईत गावकर-मानकऱ्यांना विचारून. राखीव वनात, किंवा आमच्या तिलारीसारख्या २०२० साली संवर्धन राखीव झालेल्या भागात, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. आणि वाडीत सांगून ठेवा की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे. बायका लाकूडफाट्याला, पातेऱ्याला, पऱ्यावर कपडे धुवायला जातात, त्या वाटेवर आणि पाण्याच्या घाटावर कॅमेरा लावायचाच नाही, चुकून कोणाचा फोटो आला तर तिथल्या तिथे उडवायचा, कोणाला दाखवायचा नाही. मी हे फार कडकपणे पाळतो. गावाचा विश्वास गेला तर पुढे कोणी "थंयसून जाता" म्हणून सांगणार नाही.

गडग्याची खिंड बघताना अजून एक गोष्ट बघा, फासकी. डुकरासाठी लावतात, बहुतेक गाडीच्या क्लचची वायर, आणि लावणाऱ्यालाही तीच खिंड माहीत असते जी तुम्ही शोधताय. त्यात वाघ अडकतो, कमरेला वायर आवळते, तो तासन्‌तास ओढत राहतो. रिकामी फासकी दिसली तर फोटो काढून वनविभागाला कळवा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, लोकांना जमू देऊ नका, १९२६ लावा आणि लांबून थांबा.

शेवटचं, हे मनापासून सांगतोय. तुमच्या बागेत वाळवीची वारुळं आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे एखाद दिवशी तुमच्या कॅमेऱ्यात खवलेमांजर येऊ शकतं. मला ते पहिल्यांदा एका बांधाच्या बिळासमोर मिळालं. बिळाच्या तोंडाशी ताजी लाल माती होती, मऊ, वरून नखांच्या तीन लांब रेघा. जानेवारीतली रात्र, एक चाळीसचा व्हिडिओ. आधी नुसतं नाक, ओलं, हलणारं, मग ते बाहेर आलं आणि थांबलं, पुढचे पंजे मुठीसारखे आत वळवून अर्धवट उभं, आठ-दहा सेकंद नुसतं हुंगत. आणि वळलं तेव्हा दिसलं की शेपटीच्या मुळाशी पिल्लू बसलंय, आईपेक्षा फिकट खवले, एकदा घसरलं, परत चढलं, आणि दोघं फ्रेमच्या बाहेर. मी ते त्या रात्री किती वेळा बघितलं ते सांगता येणार नाही. अकरा दिवसांनी बीळ रिकामं होतं.

तो व्हिडिओ मी आजपर्यंत दोन माणसांशिवाय कोणाला दाखवलेला नाही आणि गावाचं नाव कोणालाच सांगितलेलं नाही. खवल्यांसाठी त्याला मारतात, खवल्यात आपल्या नखात असतं तेच केराटिन असतं, औषध काही नाही, तरी मारतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली, पण ज्याला जागा कळली त्याला एक कुदळ आणि एक रात्र पुरते. तुम्हाला मिळालं तर गावाचं नाव, बांध, मागचा ओळखीचा डोंगर दिसणारी फ्रेम, काही बाहेर जाता कामा नये, मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवलात तर त्यात लोकेशन असू शकतं ते आधी बंद करा. सांगायचंच तर वनविभागाला, किंवा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रला, त्यांनी खवलेमांजरासाठी गावागावांतून काम केलंय.

तर आत्ता करायचं एवढंच. कॅमेरा तिथून काढून ठेवायला शेजारच्या कोणालातरी सांगा, सेल काढून, तुम्ही परत जाईपर्यंत. आज रात्री आईला फोन कराल तेव्हा जेवलीस का याच्यानंतर विचारा की गडगा कुठे पडलाय, पऱ्यात मे महिन्यात कुठल्या कोंडीत पाणी असतं, आणि कुत्रं रात्री कुठल्या बाजूला तोंड करून भुंकतं. तिने इतकी वर्षं तिथे पातेरा गोळा केलाय. ती सांगेल ते लिहून घ्या, आणि ते मला पाठवा, मग कॅमेऱ्याचं तोंड कुठे करायचं ते आपण बोलू.